आधी माथेरान, मग इटली

मनू,

इटलीतल्या उर्बिनोचे फोटो पाहिले. डोंगराच्या अंगावर चढत गेलेलं विटांचं गाव, एकमेकांना खेटून उभी घरं, मधून वळत जाणाऱ्या चढाच्या गल्ल्या आणि राजवाड्याचे ते दोन सडपातळ बुरूज. खाली तुझा निरोप: "ताई, नुसतं चालत घरं बघत हिंडायचं. आपल्याकडे असं गावच नाही."

आहे गं. तुझ्या गच्चीवरून प्रबळगड दिसतो ना, त्याच्या मागच्या डोंगरावर आहे. उंची सुमारे ८०० मीटर, वस्ती जेमतेम चार-साडेचार हजारांची, आणि दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारीला बंदी. माथेरान. मुरडलंस नाक? मला ठाऊक होतं.

पण नाक मुरडण्याइतकं तरी आपण ते कुठे पाहिलंय? लहानपणी बाबांच्या मागून धावत पाहिलं, लग्न झाल्यावर नवऱ्याच्या हौसेने पाहिलं, आता पोरांची टोपी, पाण्याची बाटली आणि माकडं सांभाळत पाहतो. पॉइंट मोजायचे, एको पॉइंटला ओरडायचं, चिक्की घ्यायची, उतरायचं. दरीकडे तोंड करून उभं राहण्यातच दिवस जातो आणि पाठीमागे पावणेदोनशे वर्षांत उभं राहिलेलं अख्खं गाव तसंच राहून जातं.

एक गोष्ट सांगते, आईजवळ बोलू नकोस. मी अधूनमधून एकटी वर जाते. आडवारी, सकाळी निघून संध्याकाळी परत. घरी सांगते, "कर्जतला काम आहे." ते खोटंही नाही, माथेरान कर्जत तालुक्यातच येतं. वर गेल्यावर काय करते विचारशील, तर काही नाही. घरं बघते. हे कुणाला सांगावं तर लोक म्हणतात, घरं काय बघायची? म्हणून सांगत नाही. तू स्वतःहूनच तो विषय काढलास, तर तुझ्यापाशी मन मोकळं करते.

आधी एक ध्यानात घे. हा डोंगर नेरळवाल्यांचा असं आपण धरून चालतो, पण त्याचं तोंड पूर्वी आपल्या पनवेलच्या बाजूला होतं. १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला तेव्हा मुंबईचा माणूस होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि चौक, खालापूर, खोपोली करत पुण्याकडे जायचा. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट असाच चौकला मुक्कामी होता. तिथून तो वन ट्री हिलच्या बाजूने वर चढला आणि रामबागच्या वाटेने उतरला. डोंगर आवडला म्हणून पुन्हा आला आणि वर घरच बांधलं. पुस्तकात लिहितात की त्याने माथेरान 'शोधलं'. धनगर, ठाकूर आणि कातकरी तिथे आधीपासून वावरत होतेच, पण त्यांच्यापैकी कुणी कलेक्टर नव्हता. मग १८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येऊन गेला आणि साहेबलोकांची रीघ लागली. १८५६ मध्ये कल्याणहून निघालेली रेल्वे नेरळ-कर्जतवरून पळसदरीपर्यंत आली आणि सगळी रहदारी नेरळला वळली. पनवेल बाजूला पडलं. आपल्या बाजूला पायवाटा तेवढ्या राहिल्या.

त्यातली एक वाट आजही चालती आहे. पनवेल स्टँडवरून धोदाणीची एसटी पकडायची, नेरे, वाजे करत गाढेश्वरच्या धरणावरून शेवटच्या गावी उतरायचं आणि तिथून दोन-अडीच तास चढून थेट सनसेट पॉइंटला निघायचं. पण पहिल्यांदा एकटीने त्या वाटेने जाऊ नकोस, आणि पावसाळ्यात तर मुळीच नको. सोबतीला धोदाणीचं कुणीतरी घे. तुझं ध्येय घरं बघायचं आहे. चढूनच दमलीस तर वर पोहोचून फक्त लिंबू सरबत बघशील. म्हणून सध्या सरळ नेरळ गाठ, तिथून दस्तुरीपर्यंत शेअर टॅक्सी, आणि पुढे रुळाच्या कडेने बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर पायी.

आता बघायचं कसं ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे तिथे घर आधी दिसत नाही, फाटक दिसतं. दगडी खांब, त्यावर कोरलेलं किंवा रंगवलेलं नाव, आणि आत वळत गेलेली लाल मातीची वाट. वाट सरळ कधीच जात नाही, त्यामुळे बंगला झाडीत दडलेला राहतो. इथे थांब आणि तुझं उर्बिनो आठव. तिथे भिंतींनी रस्ता घडवलाय. पंधराव्या शतकात फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो तिथला धनी होता, भाडोत्री फौजेचा नावाजलेला सेनापती; लढायांत कमावलेल्या पैशातून त्याने लुचानो लाउराना या वास्तुकाराकडून राजवाडा वाढवून घेतला. अशा गावाला तट हवा, आणि तटाच्या आत जागा कमी, म्हणून घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. माथेरान बांधणाऱ्यांना शत्रूची भीती नव्हती, मुंबईच्या मे महिन्याची होती. त्यांना वारा हवा होता, सावली हवी होती आणि शेजारी शक्यतो दिसू नये अशी इच्छा होती. त्यामुळे इथे रस्ता झाडांनी घडवलाय आणि घरं एकमेकांकडे पाठ करून बसलीत. दोन्ही डोंगरमाथ्यावरचीच गावं, पण एक भीतीने आवळलेलं आणि एक उकाड्याला कंटाळून सैल झालेलं. एवढं लक्षात ठेवून चाललीस की पुढचं आपोआप उलगडत जातं.

फाटकाच्या आत शिरू नकोस. बरेच बंगले खासगी आहेत, काही बंद आहेत, काहींची हॉटेलं झालीत. माळी किंवा रखवालदार दिसला तर "दादा, बाहेरून बघितलं तर चालेल ना?" एवढंच विचारायचं. आपल्याला वाटतं ते हाकलतील. अगं, त्यांना दिवसभर कुणी बोलायला नसतं. छपराची डागडुजी कधी झाली, कुठली तुळई वाळवीने खाल्ली, कुठल्या खोलीत पाणी झिरपतं हे मालकापेक्षा त्यांना जास्त माहीत. वास्तुकलेच्या पुस्तकात जे सापडणार नाही ते या गप्पांत सापडतं. बार हाऊससारखं जुनं घर हॉटेल झालंय, तिथे चहा मागवून व्हरांड्यात तासभर बसता येतं. महाग पडतो चहा, पण व्हरांड्याचं भाडं समजून द्यायचा.

कारण माथेरानचं खरं घर म्हणजे व्हरांडाच. उंच जोतं, पाच-सहा पायऱ्या, आणि घराच्या दोन-तीन बाजूंनी फिरलेला खोल, सावलीचा पट्टा. दिवाणखाना आत असतो तो नावापुरता. बसणं, वाचणं, पत्ते, जेवणानंतरची डुलकी, सगळं बाहेर. जोतं उंच का, तर खाली माती लाल, जांभ्याची, पाणी शोषून घेणारी. ओल वर चढू नये म्हणून. मग मान वर करून छप्पर बघ. मुख्य छप्पर चांगलंच उतरतं आणि व्हरांड्यावरचं त्याच्या खाली दुसऱ्या पायरीसारखं पुढे आलेलं असतं. या डोंगरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो सगळा चार महिन्यांत. कौलाचा उतार थोडा चुकला की घर गळलंच. ती मंगलोरी कौलं आहेत ना, ती बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला १८६५ मध्ये बनवायला सुरुवात केली. म्हणजे अगदी पहिल्या बंगल्यांच्या वेळी ती नव्हतीच, नंतर आली. तेव्हा कौल दिसलं की 'हे मूळचं' असं समजू नकोस. घरंही आपल्यासारखीच कपडे बदलत आलेली असतात.

व्हरांड्याच्या कठड्याकडे, लाकडी जाळीकडे, छपराच्या कडेला लावलेल्या कातीव लाकडी झालरीकडे जरा वेळ दे. एका घराची नक्षी दुसऱ्याला नाही. इंग्रजांनी सुरुवात केली खरी, पण हे गाव भरलं ते पारशी, बोहरी, गुजराती आणि मराठी घरांनी, आणि प्रत्येकाने साहेबाच्या बंगल्यात आपल्या घराचं काहीतरी घुसवलं. कुठे दारावर तोरणाची खूण, कुठे मागच्या अंगणात तुळस, कुठे उंबऱ्याशी रांगोळीचे ठसे. मला स्वतःला गव्हर्नरच्या थाटाच्या घरांपेक्षा ही सरमिसळ झालेली घरं जास्त आवडतात. शुद्ध म्हणून मिरवणाऱ्या गोष्टींचा मला जरा कंटाळाच आहे, तुला माहीत आहे.

आणि मनू, घराची मागची बाजू. हे मी तुला मुद्दाम सांगतेय, कारण ही बाजू गाईड दाखवत नाही. जमेल तिथे, रस्त्यावरून दिसेल तेवढं, बंगल्याच्या मागे बघ. स्वयंपाकघर मुख्य घरापासून सुटं असतं. धूर आणि आगीची भीती हे कारण आहेच, पण ज्यांनी रांधायचं त्यांनी दिसायचं नाही, हेही आहे. मध्ये छप्पर घातलेली चिंचोळी वाट असते, भर पावसात ताटं तिथून आत जायची. त्याच्याही मागे नोकरांच्या खोल्यांची बुटकी रांग. तिथे व्हरांडा हातभर, छप्पर पत्र्याचं. समोरून राजेशाही वाटणारं घर मागून असं दिसतं. आपण बायका कुठल्याही घरात गेलो की आपोआप मागच्या दाराकडे वळतो, भांडी कुठे घासतात, पाणी कुठून भरतात ते आपल्याला आधी दिसतं. घरं बघण्याचं अर्धं शिक्षण आपल्याला फुकटात मिळालेलं आहे, त्याचा उपयोग कर.

या मागच्या खोल्यांतून आणि बाजारामागच्या वस्तीतून माथेरान चाललं. पाणी वाहणारे, माणसं वाहणारे, माळी, न्हावी, धोबी. अशाच एका न्हाव्याच्या घरात १९१२ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. आपले भाई कोतवाल. वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले, १९४२ मध्ये भूमिगत होऊन आझाद दस्ता उभारला, विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीला बळी पडले. तीस वर्षं आणि महिना, एवढंच वय. उर्बिनोला गेलीस की चित्रकार राफाएल १४८३ मध्ये जन्मला ते घर सगळे दाखवतील. माथेरानला भाईंचं स्मारक आहे, पण तिथे फोटो काढायला थांबणारे कमी. तू थांब. फोटो नाही काढलास तरी चालेल.

बाजाराबद्दल फार सांगत नाही. महात्मा गांधी रस्ता, खाली दुकान वर घर, लाकडी सज्जे, त्यावर वाळत घातलेले कपडे, कपाडिया मार्केट. चपला घ्यायच्या असतील तर परतताना घे, त्या घालून चालायला निघू नकोस. सगळ्या डोंगरावर उर्बिनोसारखी खेटून उभी घरं असतील तर ती इथेच, कारण इथे राहणाऱ्यांना एकांत परवडणारा नव्हता.

स्टेशनवर मात्र बस थोडा वेळ. आदमजी पीरभॉय या बोहरी व्यापाऱ्याने पैसा घातला आणि त्याचा मुलगा अब्दुल हुसेन याने १९०४ ते १९०७ या काळात नेरळपासून हा मार्ग बांधून घेतला. रूळ फक्त दोन फुटांच्या अंतराचे. डोंगर फोडत जायचं नाही, डोंगराच्या वळणाने वळत जायचं, असा तो मार्ग आहे. २००५ च्या पावसाने तो उखडला, २०१९ ला पुन्हा वाहून गेला, दोन्ही वेळा परत बांधला. ही नुसती पोरांची खेळण्यातली गाडी नाही. घरांना लागणारं सामान, किराणा, काच, पाहुणे, सगळं तिने वर आणलंय.

घोड्यांचं नि रिक्षांचं तू विचारशीलच. घोडेवाले मागे लागतात. "चालायलाच आलेय" असं एकदा हसून सांगितलं की सोडतात, त्यांचंही पोट आहे. उर्बिनोच्या राजवाड्यात फ्रान्चेस्को दि जोर्जो या वास्तुकाराने घोड्यांना वर चढता यावं म्हणून बुरुजाच्या आत गोल फिरत जाणारा उतार बांधलाय. आपल्या घोड्यांच्या वाट्याला उघडा डोंगरच. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा मला कधीच बघवली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत बंद करा असं सांगितलं, तेव्हा मला हायसं वाटलं. ई-रिक्षेबद्दल वर अजूनही वाद आहेत, रस्त्यावर मातीचे ब्लॉक बसवावेत की नाहीत याचेही. लाल माती दर पावसात वाहून जाते हे खरं, आणि ब्लॉकवरून चालताना पाय दुखतात हेही खरं. येताना गुडघे बोलायला लागले तर ई-रिक्षा मिळेल तिथून खुशाल बसून ये. पूर्ण पायी केलं म्हणून कुणी बक्षीस देत नाही.

आता आपल्या-आपल्यातलं. पांढरा कुर्ता, पांढरी सलवार नको, लाल धूळ जात नाही. हातात पिशवी नको. प्लॅस्टिकची तर नकोच, माकडं तिच्यात खाऊ आहे असंच धरून चालतात. पाठीवरच्या बॅगेत पाणी, थालीपीठ किंवा दशम्या, आणि एक जुनी ओढणी बसायला. बाथरूमची काळजी आधी करायची: दस्तुरीला, स्टेशनला, आणि मधे एखाद्या बऱ्या हॉटेलात चहा घेऊन. पाणी कमी पिऊन दिवस काढायची आपली खोड तिथे चालणार नाही, चक्कर येईल. कुणी विचारलं, "एकट्याच? सोबत कोण?" तर "मागून येतायत" म्हणायचं आणि पुढे चालायचं. मला आता त्याचीही गरज वाटत नाही, "एकटीच" म्हणते. पण तुला जमेपर्यंत पहिलं उत्तर ठेव. अंधार पडण्याआधी दस्तुरीला यायचं, यात मात्र हयगय नको. आणि वाटेत शारलोट तलावाशी पिसारनाथाला नमस्कार करून ये. गावाचा देव आहे, बंगलेवाल्यांच्या आधीपासून तिथलाच.

सुरुवातीला तुला अस्वस्थ वाटेल, हेही सांगून ठेवते. अर्ध्या तासाने हात मोबाईलकडे जाईल, सोनूने डबा खाल्ला असेल का असं वाटेल, आपण इथे काय करतोय असंही वाटेल. एका फाटकासमोर पाच मिनिटं उभं राहणं सुद्धा गुन्ह्यासारखं वाटतं, कारण काही न करता रस्त्यात उभं राहायची आपल्याला सवयच नाही. उभी राहा. पायऱ्या मोज, खिडकीला झडपा किती आहेत बघ, पन्हळीचं पाणी कुठे पडत असेल ते शोध. डोळ्यांना काम दिलं की मन गप्प बसतं.

सवय हवी असेल तर आधी आपल्या पनवेलमध्येच कर. एखाद्या संध्याकाळी टपाल नाक्यापासून लाईन आळीतून हिंडत वडाळे तलावापर्यंत जा. इमारतींच्या मध्ये अडकलेलं एखादं जुनं कौलारू घर दिसेल, माडीची खिडकी अजून लाकडाची असेल. बेने इस्रायलींचं बेथ एल सिनेगॉग १८४९ चं आहे, म्हणजे मॅलेट डोंगर चढला त्याच्या आदल्या वर्षीचं. बंदराच्या भरभराटीत बांधलेलं पनवेल असं तुकड्या-तुकड्यांनी उरलंय आणि दरवर्षी थोडं कमी होतंय. तू रोज भाजी आणायला ज्या रस्त्याने जातेस त्याच रस्त्यावर.

इटलीचे पैसे साठव, माझा काही विरोध नाही. उलट तीन वर्षांनी निघालीस तर मीही येईन, गुडघ्यांनी साथ दिली तर. पण त्या टूरवाल्यांच्या झेंड्यामागे धावताना दोन तासांत काय बघायचं हे कळायला डोळे आधी तयार हवेत.

तर असं कर. शनिवार-रविवार नको, गर्दीत तू परत पॉइंटच बघून येशील. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की पुढच्या बुधवारी जा. त्या दिवशी मी घरी आहे. सोनूला शाळेतून मी आणते, रात्रीच्या पोळ्याही माझ्याकडून. घरी काय सांगायचं ते तुझं तू ठरव. काही सुचलं नाही तर कर्जतला काम आहेच.

तुझी,
ताई